दुसरा मजला

नाताळच्या आधी राइनरने फूटपट्टी लावून माझा पंजा मोजला. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नवऱ्याला हातमोजे सुचले, म्हणून मी हरखले. मिळाला साबण. मार्चमध्ये त्याने तळघरातल्या मॉडेल रेल्वेला दुसरा मजला बांधला आणि गाडी वर चढायला रुळांचा गोल जिना. त्याच्या क्लबातला हार्टमुट केक खाताखाता म्हणाला, "अरे, दोन वेढ्यांत एवढीशीच फट? डबा घसरला तर तुझा हा फावड्याएवढा हात आत कसा शिरणार?" राइनरने हात खिशात घातले. ते हल्ली थरथरतात, हे फक्त मला माहीत. तेवढ्यात मधल्या वेढ्यात डबा खरंच आडवा झाला. मी मागे सरले. डब्यांना हात लावायची मला कधीच परवानगी नव्हती. "अगं, बघतेस काय? काढ ना," राइनर म्हणाला. फटीत माझा पंजा बरोबर मावला. हातमोज्यांचा रुसवा मी तिथेच सोडला.