काटे काढलेला मासा

सिस्टर गोंडवेंनी एक्स-रेच्या पडद्यावर बोट ठेवलं तशी तेम्वा खुर्चीवरून अर्धी पुढे सरकली. नऊ वर्षांत स्वतःची हाडं ती पहिल्यांदाच पाहत होती.

"ही सगळी माझीच?"

"नाही, शेजारणीची उसनी आणलीत," सिस्टर म्हणाल्या आणि तिच्या आईकडे, लुसुंगूकडे वळल्या. "तेम्वाची आई, घाबरण्यासारखं नाही. पण वयाच्या मानानं हाडं जरा विरळ आहेत. पोटात शेवटच्या महिन्यांत ती भरतात, आणि ही सातव्यातच बाहेर आली."

लुसुंगूचा चेहरा उतरला. ही पोर तिनं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. जन्मली तेव्हा कित्येक आठवडे उघड्या छातीशी कापडानं बांधून लुसुंगू वावरली. पुढेही मका कांडायला मुसळ हाती दिलं नाही, डोक्यावर पाण्याची बादली ठेवू दिली नाही. दोरीच्या खेळात तेम्वाला एकच परवानगी होती, दोरी फिरवायची. उडायच्या त्या इतरांनी.

"आणखी जपेन," ती म्हणाली.

"जपणं पुरे. उड्या मारू द्या तिला."

लुसुंगूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेम्वानं मात्र कान टवकारले होते.

"मी उडी मारली ते हाडाला कसं कळतं?"

"हाड जिवंत असतं बाई. भार पडला की त्याला वाटतं, इथं काम आहे, भक्कम व्हायला हवं. भारच नसेल तर कशाला कष्ट घेईल? पडून राहतं आळशासारखं."

तेम्वानं हळूच आपली नडगी चाचपून पाहिली.

दवाखान्याबाहेर आंब्याखाली लुसुंगूनं डबा उघडला. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे गोळे आणि तळलेले उसिपा मासे, बोटाएवढे. सवयीनं तिनं एक मासा चिरून काटा उपसला आणि पलीकडे चरणाऱ्या कोंबड्यांपुढे टाकला. गोळ्या द्यायला मागून आलेल्या सिस्टर तिथेच थबकल्या.

"उसिपाचे काटे काढता? अहो, गावभर पोरं डोक्यासकट खातात."

"हिचं सगळं नाजूक. घशात अडकला तर?"

"आणि कधीपासून हे?"

"दात आल्यापासून."

सिस्टरनी कपाळाला हात लावला. "हाडाला लागतं ते त्या काट्यातच असतं. ते तुम्ही कोंबड्यांना घालता."

"म्हणजे आमच्या घरच्या कोंबड्या माझ्यापेक्षा भक्कम?" तेम्वानं विचारलं.

सिस्टर हसल्या. लुसुंगूला हसू आलं नाही, तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मीच तिचं वाईट केलं?"

"तुमच्या छातीवरच ती जगली. तेव्हा बांधलंत ते बरोबर होतं. आता सोडा."

अंगणात काही मुली दोरी घेऊन उभ्या होत्या. त्याही तपासणीलाच आलेल्या, तेम्वासारख्याच लवकर जन्मलेल्या. त्यांतली एक ओरडली, "ए, दोरी धरतेस का? एक कमी आहे."

तेम्वा उठली. मग काहीतरी आठवून तिनं डब्यातला एक अख्खा मासा उचलून तोंडात टाकला. कट्ट आवाज आला.

"काय मोडलं?" लुसुंगू दचकून उभी राहिली.

"माशाचं," तेम्वा चावता चावता म्हणाली.

 लुसुंगूनं तेलकट बोटं पदराला पुसली, ती अंगणात गेली आणि तिनं त्या ओरडणाऱ्या मुलीच्या हातातून दोरीचं टोक घेतलं.

"मी फिरवते. ही उडेल."

तिनं दोरी इतकी हळू फिरवली की ती जमिनीवरच लोळू लागली. मुली वैतागल्या.

"आई," तेम्वा म्हणाली, "जोरात."