तारा बरा हाय

पहिल्या बाळंतपणासाठी वालचंदनगरला माहेरी निघताना वृषालीनं सासूच्या हातात दुर्बीण ठेवली. आकाशाच्या जुन्या सर्वेक्षणात उजेड कमी-जास्त होणारा एक तारा सापडला होता. पुढं त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. सुप्यातल्या घराच्या गच्चीवरून वृषाली रोज शेजारच्या ताऱ्यांशी त्याचा उजेड ताडून बघायची.

"तिथं कॉलनीच्या दिव्यांत तो दिसायचा न्हाय, आत्या. तेवढं तुमी बघा."

"रानातली कामं सोडून आता आभाळाकडं बघत बसू व्हय?" मुक्ताबाई फणकारल्या.

पण त्याच दिवसापासून दिवेलागणीनंतर त्यांचा फोन येऊ लागला. "हाय बघ जाग्यावर. कालच्यापरीस जरा मंद वाटतोय. तू जेवलीस का? पायाची सूज उतरली का?"

आजही फोन आला. "तारा बरा हाय. चांगला लखलखतोय. तू कशी हायस?"

वृषाली गालातल्या गालात हसली. तो तारा गेल्याच आठवड्यात सूर्याच्या उजेडात बुडाला होता. बाळ येईपर्यंत तो कुणालाच, कुठूनच दिसणार नव्हता.

"बरी हाय, आत्या," ती म्हणाली. "उद्याबी न चुकता बघून सांगा."