सुनेच्या चार सऱ्या

माती तपासणीच्या कागदावर एवढंच होतं: जस्त पुरेसे, स्फुरद अति.

“मामा, म्हणजे जस्त आहे, पण खतातलं स्फुरद ते पिकाला घेऊच देत नाही,” राजमती सासऱ्यांना म्हणाली. “तुमची तंबाखू कमरेला लागली, माझ्याच चार सऱ्या खुरटल्या. खत तर मी मापून टाकलं होतं!” या सऱ्या साधल्या, तरच पुढची लावण तिच्या सल्ल्याने होणार, असं नवऱ्याने घरात सगळ्यांसमोर ठरवलं होतं.

मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

“मीच दोन पाट्या जादा टाकल्या, चोरून. तुझं पहिलंच पीक. म्हटलं, पोरीचं वर यावं.”

“आणि मी म्हणत होते, माझ्या हातालाच गुण नाही!” ती हसली आणि तिने पदराने डोळे टिपले.

संध्याकाळी नवरा शेतात आला, तेव्हा मामा पाठीला पंप लावून तिच्या सऱ्यांत जस्ताची फवारणी करत होते.

“पुढची लावण ती सांगेल तशी,” ते मुलाला म्हणाले. “नापास मी झालोय.”

“मामा,” बांधावरून राजमती ओरडली, “एकाच झाडावर किती? मापात!”