आधीच आवळणारा सूट

वीस वर्षं लढाऊ विमानं उडवलेले मेजर एवाल्दो गोयास इथल्या हवाई तळावर नव्या सूटचं प्रशिक्षण घेत होते. गरगर फिरणाऱ्या यंत्रात शरीराचं वजन आठपट झालं, की सूट हवेने फुगून पाय आवळायचा आणि शुद्ध टिकून राहायची.

पण हा सूट क्षणभर आधीच आवळत होता.

"लुसिमारा, तू वेग वाढवण्याआधीच याला कसं कळतं?"

"वय झालं तुमचं, मेजर! भास होतायत," सार्जंट लुसिमारा हसली. तिने यंत्र थांबवलं, दार उघडलं आणि सूटची हवेची नळी काढून घेतली. "चला, कॉफी घेऊ."

एवाल्दो उठले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं?"

"आवळतोय. इतका आजवर कधीच आवळला नव्हता."

बाहेर सगळं शांत होतं.

"लुसिमारा, कशाला तरी घट्ट धर."