भागीचं रान

गादीवर बसण्याआधी सुभानराव थांबले. "पहिला टिळा भागी लावील."

दरबार चपापला. कारभारी पुटपुटले, "कातकरणीच्या हातून? तशी रीत नाही, महाराज."

"चार गावांचं हे राज्य आजच सुरू होतंय. रीत आपणच पाडायची."

वर्षापूर्वी लढाईत जखमी झालेल्या रावांना भागीनं आपल्या झोपडीत लपवलं होतं. शत्रूचे शिपाई दाराशी आले, तेव्हा "आत माझ्या भावाला देवी आल्यात," असं सांगून तिनं त्यांना परत पाठवलं होतं.

आता तिचा खरखरीत अंगठा कपाळाला लागला आणि रावांचे डोळे भरून आले. "काय देऊ तुला?"

"रान आमचं आमच्याकडं राहू दे, राजा."

"राहील, ताई."

पुढे संस्थान भारतात विलीन होईपर्यंत त्या रानात कुठल्याच राजाची कुऱ्हाड चालली नाही.