दुसऱ्यांदा आलेली पाहुणी

भिलाईत कारखाना उभा राहत होता आणि कामावरच्या पोरांना भेटायला त्यांचे आईबाप गोंदिया-तुमसरहून येत होते. विधवा रंभानं त्यांच्यासाठी जवळच्या रिसालीतली आपली समोरची खोली भाड्यानं द्यायला काढली. तिनं पाहुण्यांना पोटभर झुणका-भाकर घातली, निघताना वाटेसाठी शिदोरी बांधून दिली, हात जोडून परत बोलावलं. दुसऱ्यांदा एकही मेला फिरकला नाही. खोली चालली नाही तर दिराच्या दारात भांडी घासायला जाणं नशिबात होतं, म्हणून रंभाचं डोकं नुसतं पेटलेलं असे.

एका दुपारी बाजारात तिला अंजनाबाई दिसली. तुमसरची, वर्षापूर्वी तिच्याकडे उतरलेली. रंभानं तिला तिथंच गाठलं.

"कावून वो, माझ्या भाकरीत खडे होते काय? परत तोंड नाही दाखवलं!"

अंजनाबाई हसली. "मस्करी करता काय बाई? सकाळपासून तुमच्याच घरी तर उतरली मी. भाजी आणायले तुमीच धाडलं मले."

"खोटारडी! दिवाळीपासून कुलूप हाये खोलीले."

रंभानं तिला मनगट धरून घरापर्यंत ओढत आणलं. खोलीच्या दाराला कुलूप होतं, गंजलेलं. किल्ली रंभाच्याच कमरेला होती.

"पाह्य आता, डोळे फाडून!"

"माझं गाठोडं आत हाये ना वो," अंजनाबाई पुटपुटली आणि दाराकडे तोंड करून तिनं हाक मारली, "रंभाबाई!"

"आली वो," आतून रंभाच्याच आवाजात उत्तर आलं, "हात पिठात हायेत."

अंजनाबाईनं आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं आणि ती रंभापासून दूर सरकली.