फिरत्या धंद्याचा पत्ता

"धंद्याचं ठिकाण," सेवा केंद्रातली मुलगी मोबाइलवर बोट ठेवून म्हणाली. "हे रिकामं सोडता येत नाही, काका."

धारवाल्याची पंचाईत झाली. त्याचा धंदा सायकलवर. स्टँडवर लावायची, पायडल मारायचं, की दगडाचं चाक फिरायला लागतं आणि सुऱ्या-कात्र्यांना धार येते. सकाळी ही गल्ली, संध्याकाळी ती. आता वाऱ्याला कोणी पत्ता विचारतं का?

पण नोंदणी हवीच होती. एका मोठ्या खानावळीनं आपल्या सगळ्या सुऱ्या धारेसाठी कायम त्याच्याकडे द्यायचं कबूल केलं होतं. बिल मात्र नोंदणी झालेल्या धंद्याचं हवं. म्हणजे वणवण थांबणार होती, आणि त्याचे गुडघे तर केव्हाच संपावर गेले होते.

मग दुपारी कुठे बसता, मुलीनं विचारलं. तेवढं त्याला पटकन सांगता आलं.

एका गल्लीच्या टोकाला, झाडाखाली, एका घरापुढे. तिथली दुपार काही वेगळीच असायची. खिडकीतला पडदा फुगायचा, मांजर पायरीवर विरघळल्यासारखं पडलेलं असायचं, आणि चाकाची घरघर ऐकता ऐकता अख्खी गल्ली पेंगायची. ठिणग्या सावलीत उडायच्या आणि उन्हात जाऊन दिसेनाशा व्हायच्या.

त्या घरात कपडे शिवणारी एक बाई एकटी राहायची. पहिल्या दिवशी ती कात्री घेऊन बाहेर आली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. धारवाल्यालाही पायडल मारायचं सुचलं नाही. तेव्हापासून रोज पायरीवर एक कप चहा यायचा, बिनसाखरेचा, न विचारता. गल्लोगल्ली ताई-माई करत फिरणारा हा बडबड्या माणूस इथे मुका व्हायचा. तीही त्याला ना अहो म्हणायची, ना अरे. काही सांगायचंच असलं तर मांजराला सांगायची.

अर्जात त्यानं तोच पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी जागा बघायला आली. सायकलीचा फोटो काढला, बाईला सगळं समजावलं, तिचा नंबर घेतला. बाईच्या मोबाइलवर एक आकडा येणार, तो तिनं सांगितला की तिची संमती धरायची. नाही सांगितला तर अर्ज बाद, आणि खानावळ दुसरा धारवाला बघणार.

आकडा आला. बाईनं तो वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. तिच्या मांडीवर अर्धवट शिवलेली बाही तशीच पडून होती.

घाबरू नका मावशी, मुलगी म्हणाली, यानं घरावर कुणाचा हक्क लागत नाही, नुसता पत्ता असतो. बाईनं मोबाइल पालथाच राहू दिला. धारवाला चपला शोधू लागला.

"राहू दे, पोरी," तो म्हणाला. "मला मागायला तोंडच नव्हतं."

"नातं काय लिहिलंय?" बाईनं मुलीला विचारलं.

"भाडेकरू. चालेल ना?"

"खोड ते," बाई म्हणाली. "नवरा लिही. फेरी मारून येतो म्हणून हे गेले होते, किती वर्षं झाली. मग सांगते आकडा."